वरच्या बाजूची चिठ्ठी

हे सगळं घडलं दोन हजार बावीस सालच्या कार्तिकात. वारूळवाडीतल्या काही गच्च्यांवर दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकत होते आणि उन्हाने त्यांचे कागद पांढरे पडले होते. अशाच एका रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला, कुंडलिकच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, मोहिनीबाईंनी वरच्या बाजूची चिठ्ठी उघडली. चिठ्ठी वाचताना चेहरा हलू द्यायचा नाही हे त्यांना आता सवयीने जमत होतं. त्या खोलीतल्या खेळात त्या पंच होत्या. खोलीच्या मधोमध प्लायवूडचं आठ फुटी टेबल, त्यावर थर्माकोल कापून आणि वर भुसा चिकटवून केलेले डोंगर, निळ्या रंगावर वॉर्निश मारून केलेली नदी, नदीवर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, पुलाजवळ पंधरा घरांचं गाव, आणि या सगळ्यावर दोन बोटं उंचीचे, रंगवलेले, भाले आणि बंदुका घेतलेले शेकडो सैनिक. डोंगराकडचं ते वरचं राज्य आणि नदीपलीकडचं ते खालचं. दोन्ही बाजूंनी आपल्या फौजेने काय करावं ते चिठ्ठीवर लिहून घडी घालून पंचाकडे द्यायचं. पंचाने दोन्ही चिठ्ठ्या वाचायच्या, फासे टाकून घ्यायचे, फीतपट्टीने अंतर मोजायचं आणि सैनिक हलवायचे. एका बाजूच्या चिठ्ठीतलं अक्षरही दुसऱ्या बाजूला कळू द्यायचं नाही. मोहीम संपली की मग सगळ्या चिठ्ठ्या फोडून मोठ्याने वाचायच्या आणि चहा पीत एकमेकांच्या मूर्खपणाला हसायचं. कुंडलिकने हा खेळ पिंपरीच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात असताना एका इंजिनिअरकडून उचलला होता. निवृत्त होऊन गावी आल्यावर, लॉकडाऊनच्या दोन वर्षांत, त्याने हे सगळं राज्य उभं केलं. म्हातारपणी बाहुल्या खेळतोय असं गाव म्हणालं आणि मग आसपासचेच चौघे दर रविवारी जिना चढून यायला लागले. बाई आधी नुसत्या घोडे रंगवायला यायच्या. घोडा कुणीही रंगवेल, पण त्यांच्या घोड्यांच्या डोळ्यांत पांढरा ठिपका असायचा. पंच म्हणून त्यांचं नाव निघालं तेव्हा कुणी दुसरं नावच घेतलं नाही. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाई. त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, हे नारायणगाव ते आळेफाटा सगळ्यांना ठाऊक होतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "पुलाजवळच्या गावातली बायकापोरं, म्हातारी माणसं आणि गुरं या चालीत डोंगरापलीकडे पोचवावीत. कोठारातलं धान्य ज्याचं त्याला वाटून द्यावं. घोडेस्वारांनी घोडे घेऊन निघून जावं, मागे बघू नये. सरदार एकटा पुलावर थांबेल. त्याच्यासाठी मागची वाट राखू नये." बाईंनी ती दोनदा वाचली. या खेळात गाव रिकामं करण्याचे गुण मिळत नाहीत. टेबलावरची बायकामाणसं म्हणजे शोभेपुरती केलेली, त्यांना हलवण्यात चाल वाया जाते. सहा रविवार त्या या बाजूच्या चिठ्ठ्या वाचत आल्या होत्या. त्यांत हल्ले होते, फसवाफसवी होती, एकदा तर खालच्या राज्याच्या तोफेत माती भरायचा हुकूम होता, आणि तो वाचताना हसू दाबायला त्यांनी खोकल्याचं सोंग केलं होतं. आज त्यांना खोकला आला नाही. अक्षर भरतचं होतं. ते तर त्यांनी चिठ्ठी उघडायच्या आधी, कागदाच्या पाठीवर उमटलेल्या दाबावरूनही ओळखलं असतं. उजवीकडे किंचित झुकलेलं, वेलांटी पुरी गोल, 'ळ' चा वेढा शेवटपर्यंत नेलेला. हा 'ळ' त्यांनीच त्याला सहावीत घोटून दिला होता. टेबलाच्या वरच्या टोकाला भरत आणि रामनाथ बसले होते. भरत टोमॅटोवाला, चाळिशी ओलांडलेला, आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा. रामनाथ त्याच्याच वर्गातला. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या भातखाचरांच्या गावातला, शाळेसाठी खाली आलेला आणि मग खालीच राहिलेला, आता नारायणगावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर चालवणारा. डोकं भरतचं आणि फासे रामनाथचे, असं सगळे म्हणायचे. रामनाथ फारसं बोलायचा नाही, फासे मात्र मुठीत बराच वेळ घोळवायचा. त्या दुपारी भरत कुंडलिकला चिडवत होता की तात्या, तुमची फौज नदीकाठी नुसती धुणं धुवायला उतरलीय का. आणि बाई त्याच्याकडे बघत होत्या.

पंचाने हुकूम पाळायचा असतो. बाईंनी एकेक करून मातीच्या बायका, काडीएवढ्या काठ्या टेकणारे म्हातारे, रंग उडालेल्या गाई उचलल्या आणि डोंगरापलीकडे, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवल्या. घोडेस्वार उचलले. गाव रिकामं झालं. पुलावर एकच माणूस राहिला, निळा शेला रंगवलेला, हात कमरेवर. खालच्या राज्याकडून खेळणारी कुंडलिकची पुतणी समृद्धी, पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली, ती खुर्चीतून अर्धी उठली. हा सापळा आहे काका, ती म्हणाली, कुणी एवढं उघडं सोडत नाही. कुंडलिकने चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ त्या रिकाम्या घरांकडे बघितलं. त्याच्या दोनशे सैनिकांना त्या एकट्या माणसाच्या अंगावर जायचं धाडस झालं नाही. त्या चालीत त्याने फौज जागच्या जागी थांबवली.

बाईंना आठवत होतं ते बहात्तर साल. आळ्याला त्यांचं घर होतं आणि घरात थोरला भाऊ चांगदेव होता, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्या वर्षी विहिरींचा तळ दिसला होता, पण दादा हातपाय गाळणारा नव्हता, उलट त्या महिन्याभरात तो फार हुशारीने वागला असं सगळे म्हणत होते. त्याने बैलजोडी चाऱ्याच्या नावाखाली आत्याकडे पोचवली. वहिनीला आणि लहानग्याला ओझरला तिच्या माहेरी नेऊन सोडलं, जाताना विघ्नहराच्या दर्शनालाही नेलं. आईला मावशीकडे पाठवलं. घरातलं बियाणं शेजारच्या दोघा भाऊबंदांना मोजून दिलं, पुढच्या पेरणीला वाया जायला नको म्हणून. आणि मोहिनीला, तेवीस वर्षांची झाली तरी लग्न ठरत नव्हतं म्हणून घरात बसलेली, तिला त्याने पुण्याला डी.एड.ला घातलं. ती जायला निघाली तेव्हा त्याने तिच्या ट्रंकेला स्वतःच्या हाताने दोरी बांधली होती, गाठीवर गाठ. तिच्या जाण्याला आठ दिवस झाले आणि एका दुपारी दादा धुतलेलं धोतर नेसून आळेफाट्याला एस.टी.त बसला. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने नंतर सांगितलं की त्याला तिकीट कुठलं हवंय ते लवकर सुचेना. त्यानंतर दादा कुणाला दिसला नाही. त्याला हुडकायला गेलेली माणसं परत आली तेव्हा घरात भांडं घासायचं सुद्धा शिल्लक नव्हतं, इतकं सगळं जागच्या जागी होतं. पन्नास वर्षं बाईंनी ते घर डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा बघितलं होतं. त्यांना शिकवायचं दादाच्या मनात होतं, की त्यांनाही फक्त पलीकडे पोचवायचं होतं, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही. त्यांचं शाळेतलं सगळं आयुष्य, पेन्शन, हे घर, हा चष्मा, त्या एका महिन्याच्या आवराआवरीतून आलेलं होतं. म्हणून त्यांना ती आवराआवर कुठेही दिसली की ओळखू येत होती. दुसऱ्या कुणाला त्या चिठ्ठीत डावपेच दिसला असता. बाईंना त्यात माणूस दिसला आणि तो माणूस भरत होता.

त्या आठवड्यात त्यांनी भरतवर पाळत ठेवली, दुसरा शब्दच नाही. मंगळवारी टोमॅटो आणायचं निमित्त करून त्या त्याच्या मळ्यावर गेल्या. भरत मोटारीच्या खोलीचा पत्रा नवा घालत होता आणि बाईंची नजर त्या पत्र्यावर अडकली, कारण दादानेही जाण्याआधी गोठ्याचं छप्पर शाकारून घेतलं होतं. भरतने धाकटीला शिरूरच्या हॉस्टेलात घातल्याचं कळलं. जुनी मोटरसायकल भाच्याला देऊन टाकल्याचं कळलं. एरवी या गोष्टी कानाआड गेल्या असत्या, आता प्रत्येक गोष्ट चिठ्ठीतल्या एकेका ओळीला जाऊन चिकटत होती. भरतची बायको वृषाली पडवीत क्रेटमधले डागी टोमॅटो बाजूला काढत होती. बाईंनी तिला आडून आडून विचारलं, भरत नीट जेवतो ना, झोपतो ना. वृषालीने हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"लई जेवतो बाई. जेवायचंच दुखणं हाय. घरात माझ्याशी बोलायला टाइम नाय अन् तिकडं दोन बोटांच्या माणसांना हुकूम सोडतोय. तुमीच त्याला काय शिक्षा करा, तुमचं तरी ऐकंल."

ती हसत होती आणि बाईंना तिच्या हसण्याची भीती वाटली. ओझरला माहेरच्या अंगणात वहिनीही अशीच हसत होती, नवऱ्याला अचानक देवदर्शनाची हौस आली म्हणून. घरी परत येताना टोमॅटोची पिशवी त्यांच्या हाताला जड झाली. सांगावं का हिला? काय सांगणार? की तुझ्या नवऱ्याने कागदावर एक खोटं गाव रिकामं केलं? पंच म्हणून मला ते वाचायला मिळालं? आणि खरं म्हणजे त्यांना त्या चिठ्ठीचा मोह होता. सगळ्या गावात एकट्या आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, ती जपण्यात एक जुनं सुख होतं. मुलांच्या वह्या तपासताना असायचं तसं. कुणाचा बाप दारू पितो, कुणाची आई वारली, कोण कुणावर जीव टाकतं, हे सगळं त्यांना अक्षरांवरून कळायचं आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत. आपली स्मरणशक्ती दांडगी आहे हे लोक त्यांना सांगायचे आणि त्याही मान डोलावायच्या. सत्त्याहत्तरच्या बॅचमध्ये तिसऱ्या बाकावर कोण बसायचं हे त्या अजून सांगत.

पुढच्या रविवारची चिठ्ठी लहान होती. "सगळी माणसं पोचल्याची खात्री करावी. सरदाराला बघायला कुणीही परत येता कामा नये. सरदाराचं नाव आजच यादीतून कमी करावं, नंतर कुणाला त्रास नको." घडी पुन्हा घालताना बाईंच्या हातून कागद फाटला. खाली कुंडलिकच्या अंगणात कुणीतरी बोअरची मोटार चालू केली आणि जमिनीतून येणाऱ्या त्या घरघरीने टेबलावरचे सैनिक बारीक थरथरायला लागले. कुंडलिकने त्याही चालीत फौज हलवली नाही. समृद्धी म्हणाली, इतिहासात कुणी असं जिंकलं नसेल, एका माणसाला पुलावर उभा करून. भरत मिशीत हसला. बघा आमची अक्कल, असं म्हणून त्याने रामनाथच्या पाठीवर थाप मारली. रामनाथच्या मुठीतले फासे खाली पडले आणि ते उचलायला तो टेबलाखाली वाकला. तो बराच वेळ खाली होता.

दर रविवारी खेळ संपला की रामनाथच बाईंना स्कूटरवरून नारायणगावला घरी सोडायचा. त्या संध्याकाळी ऊन अजून होतं, उसाच्या शेतांवरून पिवळं येत होतं. गेल्या पंधरवड्यात त्याने बाईंची फार कामं केली होती. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो त्याने यंत्र घरी आणून, त्यांचा अंगठा चारदा पुसून, करून दिला होता. त्यांच्या मोबाइलमध्ये लागतील ते नंबर मोठ्या अक्षरांत घालून दिले होते, आणि सेंटरमधलं सगळं रुपालीला, म्हणजे बायकोला, शिकवून ठेवलंय, तिला फोन करत जा असंही म्हणाला होता. वरच्या गावाहून नव्या भाताचे तांदूळ आणून त्याने शाळेतल्या तीन जुन्या शिक्षकांच्या घरी पोचवले होते. आई बायडाबाई डोंगरात एकटी राहायची, तिला घोडेगावला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवल्याचं त्याने बोलता बोलता सांगितलं, थंडीत तिकडं बरं पडतं म्हणून. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या डोक्यात भरत होता. घराच्या फाटकाशी स्कूटर थांबली तेव्हा त्यांना राहवलं नाही. पंचाने दुसऱ्या बाजूला सांगायचं नसतं, पण रामनाथ तर भरतच्याच बाजूचा होता. एकाच बाजूच्या माणसाला सांगितलं तर नियम मोडत नाही, असं त्यांनी स्वतःला त्या क्षणी समजावलं, आणि हे समजावणं त्यांना पुढे किती दिवस आठवत राहिलं. भरतवर लक्ष ठेव, त्या म्हणाल्या. त्याच्या चिठ्ठ्या वाचून मला भीती वाटते. असं लिहिणारा माणूस मी पूर्वी बघितला आहे, तो परत आला नाही.

रामनाथने हेल्मेट काढलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते. त्याने बाईंकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत त्याने आपल्याकडे असं सरळ कधी बघितलं नव्हतं हे बाईंना जाणवलं.

"बाई, ज्यानं लिवलं आसंल त्याला तुमी ते वाचलं एवढं पुरं हाय," तो म्हणाला. "त्याच्या मनात व्हतं ते कुणीतरी वळखलं. तुमी काळजी करू नका. भरतला काय व्हत नाय."

मग त्याने बाईंची पिशवी फाटकाच्या आत ठेवली, कडी नीट लागली का ते हाताने हलवून बघितलं आणि गेला. बाईंना बरं वाटलं. किती शहाणा मुलगा आहे, त्यांनी मनात म्हटलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागली.

गुरुवारी सकाळी दहाला रुपालीचा फोन आला. बाई, हे तुमच्याकडं आलेत का, तिने विचारलं. रामनाथ बुधवारी दुपारी जेवून सेंटरवर जातो म्हणून निघाला होता. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. स्कूटर एस.टी. स्टँडसमोर सावलीत उभी होती आणि किल्ली समोरच्या चहावाल्याकडे दिलेली होती, घरून कुणी आलं तर दे असं सांगून. रुपालीचा आवाज अजून घाबरलेला नव्हता, चुकलेलं काहीतरी हुडकणाऱ्या माणसासारखा होता. आणि बाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं, म्हणजे भरत नाही. भरत सुखरूप आहे. निदान चार श्वास त्यांना सुटल्यासारखं वाटलं. नंतर कितीही वेळा त्यांनी ते चार श्वास मागे फिरवायचा प्रयत्न केला, तरी ते तिथेच राहिले, सुटकेचे.

शोध झाला. पोलिसांत नोंद झाली, डोंगरातल्या गावात माणसं गेली, धरणाच्या काठाने दोन दिवस माणसं फिरली. कुणाला काही सापडलं नाही. लोकांनी कारणही शोधलं. देणं नव्हतं, भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. रुपाली एवढंच सांगायची की वर्षभर तो घरात असला तरी पाहुण्यासारखा बसायचा. शनिवारी भरत बाईंकडे आला. तो ओट्यावरच बसला, आत येईना. दाढी वाढली होती आणि त्याचा गिरणीसारखा आवाज बसला होता. त्याने चिठ्ठ्या मागितल्या. मोहीम तर मोडलीच, आता चिठ्ठ्या फोडायला हरकत नाही, असं म्हणाला. बाईंनी त्या सगळ्या, तारखेवार, त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने शेवटच्या दोन उचलल्या, वाचल्या, आणि तो स्वतःचं अक्षर असं बघायला लागला की जणू ते त्याच्या घरात शिरलेलं कुणीतरी परकं असावं.

बाई म्हणाल्या, हे तू का लिहिलंस? मी तुझ्यासाठी जीव मुठीत धरून होते. भरतने मान वर केली नाही.

"मी नुसता हात चालवत व्हतो बाई. सगळं तोच सांगायचा, पहिल्या दिवसापास्नं. डोकं त्याचंच व्हतं. मला वाटायचं, लई भारी डाव टाकतोय."

मग तो स्वतः का लिहीत नव्हता? ज्याचा डाव त्याने लिहायचं असा तर नियम आहे. बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला आणि भरतने आता त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता. 

"तुमच्यापुढं अक्षर दाखवायला लाजायचा," भरत म्हणाला. "सातवीत तुमी त्याची वही वर्गात फिरवली व्हती, पहिल्या बाकापासनं शेवटच्या बाकापर्यंत. तुमी म्हणालात, हे डोंगरातलं अक्षर, ह्याच्यावर बकऱ्या चरून गेल्यात. समदा वर्ग लई हसला. मी पण हसलो. तवापास्नं तो कुणापुढं हातानं लिवत नाय. सेंटर का टाकलं त्यानं? समदं बोटानं दाबून व्हतं म्हणून."

बाईंना ते आठवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि तो वर्ग उभा केला. त्र्याण्णवचा की चौऱ्याण्णवचा, पत्र्याचा, पश्चिमेकडे खिडकी असलेला. बाक दिसले, फळा दिसला, फळ्यावरची तारीखसुद्धा दिसली. भरत दिसला, खिडकीशी. त्याच्या शेजारी एक जागा होती आणि त्या जागेवर कुणी दिसेना. वही त्यांनी किती मुलांची फिरवली असेल. चांगलं अक्षर दाखवायला फिरवायच्या, वाईट अक्षरही फिरवायच्या. मुलं हसायची, ज्याची वही असे तोही हसायचा. दादाने ट्रंकेला बांधलेल्या दोरीच्या गाठी त्यांना मोजता येत होत्या, आणि आपल्या तोंडून निघालेलं एक वाक्य त्यांना सापडत नव्हतं. भरत उठला आणि चिठ्ठ्या तिथेच ठेवून गेला. त्या दिवसापासून ओट्यावरून कुणी चालत गेलं की बाईंना त्या पावलांत एकेक बाक ओळीने मागे सरकताना ऐकू यायचा.

माघ संपता संपता रुपाली स्वतः आली. सेंटर आता ती चालवत होती, केस ओढून बांधलेले, कानाशी मोबाइल. तिने मोबाइल कानावरून खाली घेतला आणि एक फोटो मोठा करून बाईंच्या समोर धरला. विदर्भातल्या कुठल्याशा तीर्थाच्या गावी भक्तनिवासाच्या वहीत दीड महिन्यापूर्वीची एक नोंद सापडली होती. एका रात्रीचा मुक्काम. नाव लिहिलं होतं गेणभाऊ, आणि गावाच्या जागी नुसतं डोंगर. गेणभाऊ हे रामनाथच्या वारलेल्या बापाचं नाव होतं. पण गेणभाऊ नावाची माणसं आणखीही असतात. तिथली वही सांभाळणाऱ्या माणसाला चेहरा आठवत नव्हता. पोलीस म्हणाले, नवऱ्याच्या हातचा एखादा कागद आणा, जुळवून बघू. रुपालीने घर उलथंपालथं केलं होतं. त्याच्या हातची एक ओळ निघाली नाही. सह्या निघाल्या, त्या इंग्रजीतून, नुसत्या एका फटकाऱ्याच्या.

"बाई, भरतभाऊ म्हणत्यात, तुमी एकदा बघितलेलं अक्षर इसरत नाय," ती म्हणाली. "तेवढं सांगा. हे त्याचं हाय का? त्याचं आसंल तर तो जिता हाय. मग मी हुडकीन. दहा वर्षं लागली तरी हुडकीन. नसंल त्याचं, तर तसं सांगा. पण काहीतरी सांगा."

बाईंनी मोबाइल हातात घेतला. अक्षरं वेडीवाकडी होती, रेघेवर न टिकणारी, 'ग' चा काना लांब पडलेला, 'ऊ' घसरून खालच्या रकान्यात गेलेला. त्यांनी चष्मा पुसला. उजेडात नेऊन बघितलं, परत सावलीत आणून बघितलं. हजारो मुलांची हजारो अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली, नावासकट, आडनावासकट. हे अक्षर त्यांत कुठेच नव्हतं, आणि नव्हतं म्हणजे ते त्याचं नाही, असंही म्हणता येत नव्हतं. रुपाली त्यांच्या ओठांकडे बघत होती. हो म्हटलं तर ही पोरगी एका परक्या माणसाच्या मागे गावोगाव फिरेल. नाही म्हटलं तर कुठेतरी जिवंत असलेल्या माणसाला आपण आज, या ओट्यावर, संपवू. त्यांनी मोबाइल परत दिला. मला आठवत नाही गं, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, इतकं ते त्यांना जड गेलं. रुपालीने मोबाइल बंद केला, आणि पेन्शनीचं काही अडलं तर फोन करा, असं सांगून ती निघाली.

कुंडलिकने ते टेबल पुन्हा मांडलं नाही. दोन वर्षांनी त्याला अर्धांगाचा झटका आला, आता तो खालच्या खोलीत असतो, आणि वरच्या खोलीत पुलावरचा माणूस, धूळ खात का होईना, अजून उभा आहे, कारण तो उचलायचा कुणी ते ठरलेलं नाही. समृद्धी शिकून बंगळूरला नोकरीला लागली. बायडाबाई घोडेगावला लेकीकडे महिनाभरही टिकली नाही, घराला कुलूप असलं तर पोरगा आल्यावर कुठं बसंल, असं म्हणून डोंगरात परत गेली, आणि परवाच्या पावसाळ्यात तिथेच वारली. भरत दर कार्तिकात वर जाऊन तिच्या खाचरातलं भात अजून कापतो आणि चेकवर सही करायची वेळ आली तर वृषालीला पुढे करतो. रुपाली त्या तीर्थाच्या गावी दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली नाही, पण जाणार नाही असंही ती म्हणत नाही. सेंटरच्या पाटीवर अजून रामनाथचंच नाव आहे.

मोहिनीबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. दुपारी चहा झाला की त्या रेघी वही घेऊन खिडकीशी बसतात आणि पेन्सिलने लिहितात, गेणभाऊ, डोंगर. फोटोतलं अक्षर त्यांना लख्ख आठवतं, तसंच लिहायचं असतं, त्या हाताची सवय आपल्या हाताला झाली तर एखादे वेळी सातवीतली ती वहीही आठवेल या आशेने. पहिला 'ग' त्या मुद्दाम वाकडा काढतात. दुसऱ्या अक्षरापाशी हात आपोआप सरळ होतो. पान भरतं तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळं अक्षर सुंदर, वळणदार, उजवीकडे किंचित झुकलेलं असतं. त्या पान फाडतात आणि दुसरं घेतात.